प्रतिसाद: फोटोपुरताच संवाद?

'ज्यू-मुस्लिम संवाद म्हणजे चहा-बिस्किटं नि फोटो' हे मत मला अर्धंच पटलं. जानेवारी 2017 मध्ये टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावची मशीद जाळली गेली. तिथले ज्यू मोजकेच, पण त्यांनी सिनेगॉगची, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाची, किल्लीच मुसलमानांच्या हातात ठेवली. नमाज इथं पढा म्हणाले. (आपल्याकडे सोसायटीचा हॉल मिळवायला किती अर्ज लागतात!) इस्रायल-पॅलेस्टाइनवर त्यांचं एकमत असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्यावाचून काही अडलं नाही. 2018 मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये 11 जणांना गोळ्या घातल्या, तेव्हा अमेरिकी मुसलमानांनी पीडितांसाठी भरघोस वर्गणी काढली. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 जण मारले गेले. या खेपेला वर्गणी पिट्सबर्गच्या ज्यूंनी काढली.