मदत हवी आहे: यूकेत आयटीची डिग्री अप्रेंटिसशिप, कोणाच्या मुलांनी केलीय का?

नमस्कार मंडळी, आम्ही रेडिंगला राहतो, मुलगी यंदा इयर १३ ला (म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला) आहे आणि तिच्या मनात डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्सची लेव्हल ६ वाली डिग्री अप्रेंटिसशिप करायचं पक्कं बसलंय. म्हणजे कंपनीत नोकरी, पगार चालू, त्यातच युनिव्हर्सिटीचा अभ्यास आणि शेवटी पूर्ण बीएस्सी. फी आपल्याला शून्य, नाहीतर वर्षाला साडेनऊ हजार पौंडांच्या वर जातात आणि लोन मुलांच्या डोक्यावर बसतं ते वेगळंच.

यूकॅसमधून (इथली युनिव्हर्सिटी प्रवेशाची सामाईक अर्ज यंत्रणा) युनिव्हर्सिटीचेही अर्ज भरलेत, पण अप्रेंटिसशिपचा अर्ज थेट कंपनीकडे करायचा आणि प्रत्येकाची तारीख वेगळी, त्यामुळे रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसतो. आतापर्यंत दोन ठिकाणी ऑनलाईन टेस्ट पास झाली, व्हिडिओ इंटरव्ह्यूला नकार आला. पोरगी हिरमुसलीय, मला बघवत नाही. कोडिंग छान करते हो, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की गप्प.

साताऱ्याहून आजोबा फोनवर एकच विचारतात, "डिग्री खरी ना गं?" खरीच आहे, पण पुढे एमएस्सीला किंवा भारतात नोकरीला कोणाला अडचण आली का? असेसमेंट सेंटरच्या (कंपनीच्या निवडीचा शेवटचा टप्पा) ग्रुप टास्कची तयारी घरी कशी करून घेतलीत? आणि मधेच कंपनीने कपात केली तर डिग्रीचं काय होतं? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, पुढचा इंटरव्ह्यू येत्या गुरुवारी आहे.