आवाजानं माणसामागं फिरावं का?

विश्रामबागकर :
सांगलीत विश्रामबागेत आमचं चार खोल्यांचं घर आहे. वडिलांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. संध्याकाळी सातच्या बातम्या त्यांना पुरतील एवढ्या मोठ्यानं लावल्या की आतल्या खोलीत मुलीचा दहावीचा अभ्यास होत नाही. आवाज कमी केला की वडील तक्रार करत नाहीत, नुसते पडद्याकडं बघत बसतात. ते मला बघवत नाही.
म्हणून माझं ठाम मत आहे, की घरातल्या सगळ्या वायरलेस स्पीकरना माणूस कुठं आहे ते कळलं पाहिजे. वडील बसलेत तिथलाच स्पीकर वाढावा, ते देवघरात गेले की आवाज मागोमाग जावा, हात आडवा केला की थांबावा. रिमोटची बारीक बटणं त्यांना दिसत नाहीत. २०१९ पासून काही फोनमध्ये अल्ट्रा वाइडबँडची चिप येते. रेडिओ लहरीला जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून ती अंतर काढते आणि फार तर वीतभर चुकते. मग हे घराघरांत का नसावं?

सासर_तासगाव :
दादा, तुमची कळकळ पोचली. पण चिप फोनमध्ये, आणि फोन कुणापाशी? साडीला खिसा नसतो. माझा फोन दिवसभर फ्रीजवर पडलेला असतो, म्हणजे गाणं फ्रीजपाशीच वाजणार. तुमचे वडील तरी देवघरात फोन नेतात का?
हातवाऱ्यांचं मात्र मला मनापासून हवंय. भाकरी थापताना दोन्ही हात पिठात असतात आणि नेमकी तेव्हाच जाहिरात किंचाळते.

कुपवाडचा_इलेक्ट्रॉनिक्स :
ताई, फोन अंगावर न बाळगताही जमतं. गूगलच्या २०१९ च्या पिक्सेल ४ फोनमध्ये ६० गिगाहर्ट्झचं छोटं रडार होतं, हवेत हात फिरवला की गाणं बदलायचं. लहरींचा तो पट्टा आपल्याकडं वापरायला खुला नव्हता म्हणून तो फोन भारतात विकलाच नाही. आणि हात न लावता आवाज कमी-जास्त करणं शंभर वर्षं जुनं आहे. १९२० च्या सुमारास रशियात थेरेमिन नावाचं वाद्य निघालं. एका हातानं सूर, दुसऱ्यानं आवाज, स्पर्श कुठंच नाही. माझा विश्रामबागकरांना पूर्ण पाठिंबा.

मिरजेची_तार :
मी विरोधात आहे. आमच्या घरात तंबोरे बनतात, त्यामुळं ऐकणारी माणसं रोज समोर असतात. चांगलं गाणं ऐकताना आपण हातावर ताल धरतो. तीनतालात नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे रिकामी जागा, येते, तिथं टाळी न देता हात बाजूला फिरवतात. तुमच्या यंत्राला तो इशारा ‘बंद कर’ असा वाटेल. मन लावून ऐकणाऱ्याचंच गाणं दर आवर्तनात तुटायचं. वादात बोलताना हात हलतात ते वेगळंच.

गावभाग_साउंड :
बावीस वर्षं मांडवात साउंड लावतोय. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. स्टेजपासून ३४ मीटरवर मागचा बॉक्स असेल तर त्याला १०० मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो, नाहीतर मागच्या लोकांना एक शब्द दोनदा ऐकू येतो. हे गणित जमतं कारण बॉक्सही हलत नाही आणि माणसंही बसून असतात. घरात माणूस फिरणार. त्यात साध्या ब्लूटूथचा स्वतःचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा, आणि प्रत्येक कंपनीचा निराळा. तीन जातीचे तीन स्पीकर एका सुरात आणणं सोपं नाही ओ.

कुपवाडचा_इलेक्ट्रॉनिक्स :
काका, जागा सतत कळत असेल तर उशीरही सतत बदलता येतो. चालणाऱ्याला सगळे स्पीकर एकाच वेळी पोचतील.

मिरजेची_तार :
चालणाऱ्याला पोचतील. बसलेल्याचं काय? उशीर सरकवला की सूर सरकतो. माणूस सेकंदाला एक मीटर चालला तर सुमारे ०.३ टक्के, म्हणजे अर्धस्वराच्या विसाव्या भागाएवढा. चालणाऱ्याच्या कानात तो फरक त्याच्या चालण्यानंच भरून निघतो, पण खुर्चीत बसलेल्या आजीचा षड्ज हलतो. तंबोऱ्याच्या तारा जुळवताना आम्ही याहून बारीक फरकासाठी खुंट्या आणि मणी सरकवत बसतो. एका घरात पाच माणसं असतील तर यंत्रानं कुणाचा कान धरायचा, याचं उत्तर मला इथं कुणी दिलं नाही. ज्याच्या खिशात महागडा फोन, त्याचा?

सासर_तासगाव :
हेच मला म्हणायचं होतं. आणि कोण कुठल्या खोलीत किती वेळ होतं याची नोंद त्या डब्यात राहणार असेल तर मला तो घरात नको. सुनेच्या हालचालींवर आधीच पुरेसे डोळे असतात.

विश्रामबागकर :
ताई, नोंदीचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, तो मान्य. तंबोऱ्याचंही पटलं. पण माझे वडील गाणं ऐकत नाहीत, बातम्या ऐकतात. निवेदिकेचा सूर तेवढा हलला तर त्यांना फरक पडत नाही, शब्द हुकला तर पडतो. मी मागणी कमी करतो : आवाज फिरायला नको, फक्त खुर्चीत कुणी बसलंय हे उशाजवळच्या स्पीकरला कळावं आणि टीव्हीनं आपला आवाज उतरवावा. फोन नको, रडार नको.

गावभाग_साउंड :
एवढं असेल तर खुर्चीच्या गादीखाली दाबाचा स्विच बसतो. स्पीकरला वायर टाका, ब्लूटूथ नको, म्हणजे ओठ आणि शब्द जुळतील. उजव्या कानाच्या बाजूला ठेवा. टीव्ही ते खुर्ची अंतर मोजून इथं लिहा, उशीर किती द्यायचा ते सांगतो.

विश्रामबागकर :
सव्वातीन मीटर.

गावभाग_साउंड :
साडेनऊ मिलिसेकंद.