सईचे चाचे, पान २३ आणि सेक्रेटरींचा चष्मा

(सोसायटी रहिवासी ग्रुप, गोडोली, सातारा)

सईचे बाबा, बी-३०४: नमस्कार मंडळी. सईनं कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी ग्राफिक नॉव्हेल काढलंय. समुद्री चाचे, खजिना वगैरे. पीडीएफ टाकतोय. वाचून मोकळेपणानं सांगा.

कुलकर्णी काकू: अभिनंदन सई! 💐

कुलकर्णी काकू: अहो, पान ९ वर मुंडकं आहे! अर्णव शेजारी बसून वाचत होता. आधी सांगायचं ना.

शिंदे मामा: वैनी, चाच्यांच्या गोष्टीत मुंडकं न्हाय तर काय मोदक असणार व्हय

सेक्रेटरी: कृपया नोंद घ्यावी. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

शिंदे मामा: आवं सकाळी गुलाबाचं फूल तुमीच टाकलंय

डॉक्टर, सी-२०१: मी पूर्ण वाचलं. पान २३ वर हसून हसून ठसका लागला. जहाजावर दरपत्रक टांगलंय: उजवा हात ६००, डावा ५००, डोळा १००, बोट १००. सुतार करवत घेऊन बसलाय आणि धडधाकट माणसं रेशनच्या रांगेत असल्यासारखी उभी. एकजण विचारतोय, "दोन बोटं एकदम दिली तर काही वाढवून?" सुतारानं करवतीवरची बोटं न हलवता फक्त एक भुवई वर केलीय. ती भुवई झकास. पण सई, दर तुझ्या मनाचे ना?

सई: नाही काका, दर खरे आहेत. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रातले चाचे मोहिमेआधीच असा करार लिहायचे. लढाईत अवयव गेला तर लुटीतून आधी ती भरपाई, मग बाकीच्यांचे हिस्से. रांग तेवढी माझी.

शिंदे मामा: म्हंजी चाच्यांचं लेखी हुतं. आपल्या पार्किंगचं अजून तोंडीच हाय

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय सभेत.

जोशी सर: सई, पहिल्या प्रकरणातलं जहाज गंज-ए-सवाईच ना? औरंगजेबाचं, हज करून सुरतेला परतणारं. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीनं लुटलं. बादशहा तेव्हा दक्षिणेतच मुक्काम ठोकून होता. नंतर त्यानंच आपल्या अजिंक्यताऱ्याला वेढा घातला आणि १७०० मध्ये किल्ला घेतला. मुलांना ही सनावळ शिकवताना मी दोन्ही गोष्टी कधी शेजारी मांडल्या नव्हत्या.

शिंदे मामा: सर, मग आंग्रे पण चाचेच म्हणायचे का? विंग्रज तसंच म्हणायचे की

जोशी सर: मुळीच नाही. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं, म्हणजे इथल्याच, साताऱ्याच्या गादीच्या. आपल्या किनाऱ्यावर व्यापार करायचा तर आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, हे कंपनीला झोंबलं म्हणून ते चाचे! त्यांना या पुस्तकात ओढू नका.

सई: ओढलेलं नाही सर. माझी गोष्ट फक्त एव्हरीच्या सहा खलाशांची. ते सहाजण मात्र काल्पनिक.

कुलकर्णी काकू: पण त्या जहाजावर बायकापण होत्या ना गं? वाचलंय मी, फार हाल केले त्यांचे. त्यावर कसले विनोद?

सई: काकू, पान १४ आणि १५ बघा.

कुलकर्णी काकू: बघितली. नुसती काळी. एक शब्द नाही.

कुलकर्णी काकू: बरं केलंस.

डॉक्टर, सी-२०१: ती दोन पानं आहेत म्हणून पुढचं हसू पचतं. नंतर एकाही खलाशाची दया येत नाही. एकेक मरतो तसा तो हिशेबनीस नाव खोडून हिस्से नव्यानं मांडतो, आणि कुणी साधं शिंकलं तरी खडू हातात घेतो. शेवटी सगळी पेटी त्याची, प्यायला पाणी नाही. शेवट मात्र जरा ओळखीचा वाटला.

सई: खरा शेवट जास्त भारी होता काका. एक खलाशी इंग्लंडात परतला. रोचेस्टरच्या खानावळीत मोलकरणीला त्याचा कोट जड लागला. आत सोन्याची नाणी शिवलेली! पकडला गेला, साथीदारांविरुद्ध साक्ष देऊन सुटला. १६९६ मध्ये पाचजण फासावर गेले. एव्हरी कुणालाच सापडला नाही.

शिंदे मामा: आगं मग त्योच शेवट घे की! पेटीबिटी कशाला, खरी चोरी धुण्यातच सापडती. आमच्या हिला इचार

डॉक्टर, सी-२०१: मामांशी सहमत. सबमिट करायच्या आधी मोलकरीण आण.

सई: कॉलेजचे सर गुप्तधन हवंच म्हणतात. चाचे खरं तर पुरत नसत, बंदरावर उतरले की उडवत. कॅप्टन किडनं थोडं पुरलं होतं. १७०१ मध्ये त्याला फाशी देताना पहिला दोर तुटला, मग परत चढवला. ते मी घेतलंच नाही, वाचणारे म्हणतील अतिशयोक्ती केली.

सेक्रेटरी: मी पुस्तक वाचले. चित्रे सुबक आहेत. एक शंका. पान ५१ वरील हिशेबनिसाच्या चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली आहे. हे कोणावरून?

सई: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

शिंदे मामा: म्या वाचला 😂