शेतकरी कंपनीला आधी पुढारी पाहिजे की मुनीम?

काळीरान (औसा)
परवा आमच्या शेतकरी कंपनीच्या संचालकांचं दोन दिवसांचं 'नेतृत्व विकास' शिबिर करून आलो. जेवण चांगलं होतं. पण पुढारपण आमच्याकडं कधी कमी होतं? एका पारावर सात पुढारी बसतात.
अडतं दुसरीकडंच. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये. बाजारात भाव त्याच्या बराच खाली, म्हणून सगळे हमीभाव केंद्रावर आले. केंद्र आमच्या कंपनीकडं. आधी 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही यावरून भांडणं झाली, मग बारदाना (पोती) संपला. त्यातच ऑनलाइन नोंदणी येणारं एकुलतं एक पोरगं पुण्याला नोकरीला लागलं. आठ दिवस काटा बंद, ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत. अध्यक्ष होते, दहा संचालक होते, काय उपयोग?
2020 च्या केंद्राच्या योजनेत एका एफपीओला (म्हणजे आमच्यासारख्या शेतकरी उत्पादक कंपनीला) व्यवस्थापन खर्चासाठी 3 वर्षांत जास्तीत जास्त 18 लाख मिळतात. चौथ्या वर्षी पगार कुठून द्यायचा? माझं सरळ म्हणणं: शिबिरं बंद करा, मुनीम द्या.

टपालपेटी (परभणी)
नाही पटलं, भाऊ. पगारावर आलेला मुनीम जास्त पगारावर जाणारच, तुमचाच अनुभव आहे.
आमच्याकडं कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे. बदनापूरची बीडीएन 711 तूर लवकर निघते, परतीच्या पावसानं दगा दिला तरी पदरात काही पडतं. वाण आहे, पण शिवारात पोचवणार कोण? कृषी सहायकाकडं चार-चार गावं, त्यात पंचनामे आणि योजनांची कागदं. बांधावर यायचं कधी त्यानं?
2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढी बोंब झाली आठवा. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, 70 उगवले तर पेरायचं, नाहीतर बियाणं बदलायचं किंवा एकरी जास्त टाकायचं. खर्च शून्य. पण आठ दिवस आधी गावाला थांबवून 'आधी हे करा' म्हणणारं आणि ज्याचं गाव ऐकतं असं माणूस लागतं. हे मुनिमाचं काम नव्हे.

काळीरान
सर, गोणपाटाचं सगळ्यांनाच माहीत आहे. पाऊस पडला की शेजाऱ्याची तिफण दिसते, मग गोणपाट कुणाला आठवतं?

टपालपेटी
तेच तर म्हणतोय मी!

खडकाळ (आष्टी)
दोघांनाही रामराम. सहकारानं पुढारी घडवले नाहीत का? चिक्कार घडवले. सोसायटीतून कारखान्यात, कारखान्यातून विधानसभेत. मागं संस्थेचं काय उरलं ते आमच्या वडिलांना विचारा, त्यांची ठेव अजून अडकलेली आहे. (बँकेचं नाव घेत नाही, इथं तिचे संचालकही असतील.)
शिबिरात एक गोष्ट कधी शिकवत नाहीत: खुर्ची सोडायची कशी. अध्यक्ष दोन मुदतींनंतर घरी, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त चावडीवर चिकटवलेलं, चेकवर सह्या दोघांच्या. एवढं करा, मग मुनीम नेमा नाहीतर पुढारी घडवा.

चुलीपुढची (कळंब)
मघापासून वाचतेय. सगळी चर्चा सोयाबीनची. सोयाबीन खाता का तुम्ही? ज्वारीचं कोठार म्हणायचं आणि भाकरीला ज्वारी विकत आणायची, अशी घरं आमच्या गल्लीत निम्मी आहेत. ज्वारी गेली तसा कडबाही गेला, कडब्यामागं दावणीची म्हैस.
1993 च्या भूकंपानंतर आमच्या भागात घरबांधणीवर देखरेख करायला बाया बाहेर पडल्या, सभेत बोलायला लागल्या. पुढं 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या बायांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं एक एकराची शेती सुरू केली: एक एकर बाईच्या हाती, त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला, आधी घरच्या ताटासाठी. मी सासऱ्यांकडं एकर मागितलं तेव्हा दोन महिने अबोला होता. त्यापुढं तुमचं शिबिर काहीच नाही. आणि कंपनीचा शेअर घ्यायला गेले तर म्हणाले, सातबारा आणा. सातबारा सासऱ्यांच्या नावावर.

काळीरान
ताई, खरं सांगतो, तुमचं वाचून आमचं रजिस्टर काढलं. 312 सभासदांत बाया 19. त्यातल्या निम्म्या सभेला कधी आल्या नाहीत, सही घरी जाऊन आणतो.
मुनिमाचं मात्र मी सोडत नाही. उलट गावातलीच कुणी शिकलेली सून या कामाला मिळाली, तर ती पुण्याला पळणार नाही.

चुलीपुढची
आमच्या गटात बारावी कॉमर्स झालेल्या दोघी आहेत, एकीला टॅलीही येतं. पण हंगामात रात्री दहापर्यंत काट्यावर बसावं लागतं. ते तिच्या घरी कोण सांगणार, तुम्ही की मी?

खडकाळ
दोघं मिळून जा. आणि पगार किती ते आधीच लिहून न्या.