मॉरिशसचे धबधबे : वडील आणि मुलगी बरोबर असताना आखणी कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी, माझे ७४ वर्षांचे वडील आणि १४ वर्षांची मुलगी असे आम्ही तिघे आठ दिवसांसाठी मॉरिशसला जाण्याच्या विचारात आहोत. मुलीच्या शाळेमुळे दिवाळी, नाताळ किंवा मे महिना एवढ्याच सुट्ट्या हाताशी आहेत. समुद्रकिनारे आणि हॉटेले यांची माहिती भरपूर मिळाली. आम्हाला मात्र मुख्यतः धबधबे पाहायचे आहेत आणि त्यांच्याविषयी जे लिहिलेले सापडते ते बहुतेक धडधाकट तरुणांना उपयोगी पडणारे आहे. म्हणून इथे विचारते आहे.

धबधब्यांचा आग्रह वडिलांचा आहे. साताऱ्याकडील एका शाळेत त्यांनी पुष्कळ वर्षे भूगोल शिकवला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्तबिंदूवरून आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा वर आला, त्याच तप्तबिंदूवर भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकून गेल्यानंतर मॉरिशस आणि त्याच्या शेजारचे रीयुनियन ही बेटे घडली असे मानले जाते, आणि हे ते दरवर्षी फळ्यावर हिंदी महासागराचा नकाशा काढून मुलांना सांगत असत. तो खडक तिथे जाऊन हाताने चाचपून पाहावा, एवढी एकच इच्छा त्यांनी प्रवासाबद्दल बोलून दाखवली आहे. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. काठी घेऊन सपाट वाटेवर ते अर्धा किलोमीटर सहज चालतात, कठडा असेल तर वीस-पंचवीस पायऱ्याही चढतात, पण चिखलाचा उतार त्यांना अजिबात जमणार नाही.

मुलीला सेट कास्काद, म्हणजेच टॅमरिंड फॉल्सच्या दरीत उतरायचे आहे. एकाखाली एक पडणाऱ्या या प्रपातांची एकूण उंची २९३ मीटर असल्याचे वाचले. माझे मन धजत नाही, त्याचे कारण सांगते. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही ताम्हिणीजवळ एका ओढ्यात उतरलो होतो. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, पाणी पोटरीपर्यंत आणि तळाचा दगड दिसेल इतके निवळ होते. एकाएकी पाण्यावरून वाळक्या काटक्या आणि सागाची पाने वाहत आली, आणि हे आताच कुठून आले असे मी म्हणते आहे तोवर पाण्याला दुधाच्या चहासारखा रंग चढला. मुलीचा दंड धरून मी तिला काठावर ओढले. पाच मिनिटांत ज्या खडकावर आमच्या चपला होत्या तो खडक दिसेनासा झाला. तेव्हापासून ओढ्याच्या मधोमध उभे राहण्याची वेळ आली की माझे हातपाय गार पडतात. केवळ माझ्या भीतीपायी मुलीला हे सर्व नाकारावे, असेही मला वाटत नाही.

तेव्हा कोणत्या सुट्टीत जावे, वडिलांना कोणते धबधबे पाहता येतील, आणि सेट कास्कादला मुलीला न्यावे की नाही व न्यायचे झाल्यास पाण्याचा अंदाज कसा घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. खर्चाबद्दल तूर्त विचारत नाही.

प्रतिसाद १

ताई, नोकरीनिमित्त मी साडेतीन वर्षे कात्र बोर्नला राहत होतो, त्यामुळे या सगळ्या जागा अनेकदा पाहिल्या आहेत.

मे महिना निवडा. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने तिथला पावसाळा आपल्या उलट, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो आणि जानेवारी ते मार्च या काळात पाऊस सर्वांत जास्त पडतो. चक्रीवादळेही याच काळात येतात. दिवाळीच्या सुमारास हवा छान असते, पण कोरडे महिने नुकतेच सरत असल्याने धबधबे रोडावलेले असतात. नाताळात उकाडा आणि वादळाची धास्ती दोन्ही असते. मे महिन्यात पावसाचे पाणी डोंगरात मुरलेले असते, प्रपातांना धार असते आणि हवा निवत चाललेली असते.

वडिलांसाठी पहिला दिवस असा ठेवा. क्युरपिपकडून सकाळी गंगा तलावावर जावे. तिथून प्लेन शांपान्यच्या पठारावरून जाणारा रस्ता थेट शामारेलला उतरतो आणि वाटेत अलेक्झांड्रा फॉल्सचे ठिकाण लागते. गाडी लावून झाडांमधून थोडेसे चालले की कठडा येतो. धबधबा तसा बारीक आहे, पण समोर जंगल आणि त्यापलीकडे दक्षिणेचा समुद्र एका नजरेत दिसतो. हा भाग १९९४ साली घोषित झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात येतो. पुढे शामारेलचा धबधबा सुमारे १०० मीटर उंचीवरून एकाच झेपेत खाली पडतो, आणि तो वाहनतळाजवळच्या खालच्या सज्जावरून नीट दिसतो. वरच्या सज्जाला पायऱ्या आहेत, त्या वडिलांनी नाही चढल्या तरी काही हुकत नाही. सप्तरंगी माती त्याच आवारात आहे. बेसाल्ट झिजून झालेली ती माती आपल्या जांभ्याची नातेवाईक म्हणावी अशी आहे, त्यामुळे भूगोलाच्या शिक्षकांना तिथून लवकर हलवू नका.

पण त्यांची खरी जागा रोचेस्टर फॉल्स. दक्षिणेला सुयाक गावाजवळ, उसाच्या मळ्यांतून जाणाऱ्या खडबडीत कच्च्या रस्त्याने तिथे पोचता येते. उंची जेमतेम १० मीटर, पण पाणी ज्या कड्यावरून पडते तो कडा संपूर्ण उभ्या खांबांचा आहे, जणू चौकोनी तुळया एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या आहेत. लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्याला उभे तडे गेले की असे खांब होतात, हे मी त्यांना सांगायला नको. शेवटचे थोडे अंतर पायी आहे आणि जमीन उंचसखल आहे, म्हणून एका बाजूने हात द्यावा लागेल. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर मात्र त्यांना तिथे नेऊ नका.

एक दिवस पूर्व किनाऱ्यावरून होडीने ग्रँड रिव्हर साऊथ ईस्टच्या मुखाशी जा. तिथला धबधबा होडीत बसूनच पाहता येतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. सेट कास्कादबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मी माझ्या १५ वर्षांच्या मुलाबरोबर तिथे उतरलो होतो.

वाट वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावातून सुरू होते. सुरुवातीला उसाचे मळे, मग दरीचा काठ, आणि तिथूनच वरचे प्रपात दिसतात. खाली उतरणारी वाट लाल मातीची, तीव्र उताराची आणि झाडांच्या मुळांना धरून उतरण्याची आहे. ओली असली तर साबणासारखी होते. फाटे फुटतात, पाट्यांचा भरवसा नाही, त्यामुळे परवानाधारक वाटाड्या आधी ठरवून घ्या. गावातल्या बसथांब्याशी भेटून "मी नेतो" म्हणणाऱ्यांच्या मागे लहान मुलांना घेऊन जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताम्हिणीला जे घडले तेच तिथेही घडू शकते, आणि त्याचे कारण बेटाच्या रचनेत आहे. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर चढतात आणि तिथे वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस टाकतात. पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या पावपटही पडत नाही. टॅमरिंडची नदी याच पठारावरून पश्चिमेला वाहते. म्हणजे हॉटेलच्या गच्चीवर लख्ख ऊन असते आणि त्याच वेळी नदीच्या उगमाकडे सरी कोसळत असतात. किनाऱ्यावरचे आभाळ पाहून निर्णय घेणारे लोक इथेच फसतात. सकाळी किनाऱ्याचा नव्हे तर पठाराचा अंदाज पाहा. मॉरिशसचे हवामान खाते अतिवृष्टीचे इशारे देते आणि त्या दिवशी कोणत्याही नदीच्या आसपास जायचे नाही. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये काही तासांच्या पावसाने अचानक आलेल्या पुरात ११ माणसे गेली, तीही भर शहरात.

मुलीला न्या, पण कुठवर न्यायचे ते आधीच ठरवा. पहिल्या दोन प्रपातांपर्यंत जाऊन परतणे हीसुद्धा पुरेशी सहल आहे. नदी ओलांडावी लागेल असा टप्पा घेऊ नका, कारण पाणी वाढले की माणूस पलीकडे अडकतो. आठाच्या सुमारास निघा. मे महिन्यात तिथे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि दरीत त्याच्या कितीतरी आधी अंधारून येते. डोहात उड्या मारणारी स्थानिक मुले दिसतील, त्यांना त्या डोहाची खोली लहानपणापासून ठाऊक असते.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. किनाऱ्यावर ऊन आणि उगमाकडे पाऊस हा मुद्दा वाचून मी बराच वेळ थांबले, कारण ताम्हिणीला आम्ही नेमके तेच केले होते. डोक्यावरचे आभाळ पाहिले आणि माथ्याकडे पाहिलेच नाही.

मे महिना नक्की केला. प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. रोचेस्टरच्या खांबांचे वर्णन त्यांनी पुन्हा वाचायला लावले आणि खांब चौकोनी आहेत की सहा बाजूंचे, असे लगेच विचारले. मुलीशीही बोलले. पहिल्या दोन प्रपातांपर्यंत जायचे आणि नदी ओलांडायची नाही, हे तिने मान्य केले आहे.

एक शंका उरली. आम्ही दोघी दरीत असताना वडिलांना हेन्रिएटाला गाडीत बसवून ठेवणे योग्य होईल का?

प्रतिसाद १

गाडीत चार-पाच तास नको, ताई. त्या दिवशी त्यांना क्युरपिपला सोडा. त्रू ओ सेर्फ नावाच्या ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेने पक्का रस्ता आहे, तिथपर्यंत गाडी जाते आणि कठड्याशी उभे राहून आतला झाडीने भरलेला खळगा दिसतो. बरोबर ओळखीचा चालक आणि छत्री असू द्या, कारण क्युरपिपला पाऊस कधीही येतो. खांबांबद्दल सांगायचे तर मला ते चौकोनी दिसले, पण मी कधी बाजू मोजल्या नाहीत. त्यांनी मोजून आल्यावर इथे जरूर कळवा.