कर्ज काढून डिग्री: जामीनदाराची सही करू की नको?

जामीनदार_मामा
ताईच्या मुलाला दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळतेय. एक नावाजलेलं कॉलेज, चार वर्षं, सगळी फी कर्जातून. दुसरं साधं, विषय तोच, फी जेमतेम चौथा हिस्सा आणि घरून जाऊन येऊन करता येईल असं. पठ्ठ्याला अर्थातच पहिलं हवंय. जामीनदार म्हणून माझी सही पाहिजे. फॉर्म तीन दिवस टेबलावर पडलाय, सही कुठे करायची तिथे ताईने पेन्सिलने बारीकशी फुली मारून ठेवलीय, येताजाता ती फुलीच दिसते.

काल रात्री हिशेबाला बसलो. चलन कुठलंही धरा, व्याज 10 टक्के. दर वर्षाच्या सुरुवातीला 25 असे चार वर्षांत 100 उचलले, शिकताना व्याज भरलं नाही आणि ते वर्षाच्या वर्षाला मुद्दलात चढत गेलं, तर डिग्री हातात येते त्या दिवशी देणं झालेलं असतं 127.6. ते 10 वर्षांत फेडायचं तर हप्ता 1.69. पहिल्या हप्त्यातले 1.06 नुसते व्याजात जातात, मुद्दल हलतं ते 0.6 च्या आसपास. सगळे हप्ते मिळून 202. म्हणजे फीच्या तक्त्यात 100 लिहिलंय ते अर्धंच, आणि चार वर्षं तो कमावणार नाही ते मी धरलेलंही नाही.

डिग्री वाया जाते असं माझं म्हणणं नाही. पण कर्ज मिळतं अ‍ॅडमिशनवर, डिग्री मिळते पास झाल्यावर. मधे काही बिनसलं तर डिग्री नाही आणि कर्ज मात्र आहे, ही तिसरी शक्यता कुणी बोलतच नाही. तुम्ही काय कराल?

हप्तेवाला
मामा, सही करू नका. मी 9 वर्षं हप्ते भरतोय आणि आज जी नोकरी करतो ती मला दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने शिकवली, त्याची इंटर्नशिप होती तिथे. माझी डिग्री ऑफिसात एकदाच बघितली गेली, जॉइनिंगच्या दिवशी, बाईंनी झेरॉक्स घेतली, ओरिजिनलशी ताडून बघितली आणि फाइलमध्ये लावली. अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटाचे हप्ते चाललेत. पहिली दोन वर्षं तर बाकी रक्कम बघितली की वाटायचं अ‍ॅप बिघडलंय, कमीच होत नव्हती. नंतर कळलं अ‍ॅप बरोबर आहे, बिघडलेलो मीच.

मास्तरीण
हप्तेवाला, वाईट वाटलं, पण त्या अर्ध्या मिनिटापर्यंत तुम्ही पोचलात कशामुळे? अर्जांचा ढीग येतो तेव्हा पहिली चाळणी डिग्रीचीच लागते, चाळणीतून खाली पडलेल्यांची ओरिजिनल कुणी मागतच नाही. आणि शिक्षण म्हणजे नुसता कागद हेही मला पटत नाही. गॅरी बेकर ह्या अर्थतज्ज्ञानं 1964 मध्ये ह्यावर पुस्तकच लिहिलं, मानवी भांडवल म्हणून. यंत्रावर खर्च करता तसा माणसाच्या कौशल्यावर केलेला खर्चही गुंतवणूक असतो असा मुद्दा, 1992 ला नोबेल मिळालं. माझ्याकडे पहिल्या वर्षाला धड परिच्छेद लिहिता न येणारी मुलं येतात आणि शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रकल्प उभं राहून मांडतात, ते काय झेरॉक्समध्ये दिसणारे का?

उंटावरचा_शहाणा
बेकर सांगितलात तर स्पेन्स पण सांगा की बाई. 1973, मायकेल स्पेन्स, त्यालाही 2001 ला नोबेल. तो म्हणतो कॉलेजात तुम्ही काडीचंही शिकला नाहीत तरी डिग्रीला भाव राहू शकतो, कारण मालकाला बाहेरून कळत नाही कोण चिकाटीचा आहे, आणि डिग्री मिळवणं हे आळशी माणसाला जास्त जड जातं. म्हणजे डिग्री हा फक्त इशारा. पुरावा बघायचा तर तीन वर्षं शिकून सोडलेला आणि चार पूर्ण केलेला ह्यांच्या पगारात जो फरक पडतो तो एका वर्षाच्या शिकण्याच्या मानाने फार मोठा असतो. शेवटच्या वर्षात असं काय अमृत पाजतात? इंग्रजीत ह्याला शीपस्किन इफेक्ट म्हणतात, पूर्वी प्रमाणपत्रं मेंढीच्या कातड्यावर लिहायचे म्हणून.

आणि सगळ्यांनीच इशारा केला तर इशारा राहत नाही. मग पुढची डिग्री, मग तिच्यासाठी कर्ज.

मास्तरीण
ठीक, पण मग तुमचाच मुद्दा मामांच्या भाच्याला सांगतो की घेतलीस तर पुरी कर. "घेऊ नकोस" असं कुठे निघतं त्यातून?

जामीनदार_मामा
तीच तर माझी भीती आहे, मेंढीच्या कातड्याची. अमेरिकेत पूर्णवेळ डिग्रीला गेलेल्यांपैकी साधारण 10 तले 6 जण 6 वर्षांत पूर्ण करतात. चार वर्षांच्या कोर्सची ही गत. उरलेल्यात काही नंतर करत असतील, पण हप्ता थोडाच थांबतो. आणि तिथे दिवाळखोरी जाहीर केली तरी बाकी कर्जं सुटतात, शैक्षणिक कर्ज सहजी सुटत नाही, कोर्टाला पटवावं लागतं की फेडणं असह्य आहे.

दहा_नंबरचा_पाना
मी डिग्री केली नाही, एसी आणि फ्रीजचं काम शिकलो, शिकताना पैसे मिळत होते. 22 व्या वर्षी माझे मित्र कर्ज घेऊन बाहेर पडले तेव्हा माझ्याकडे स्वतःची हत्यारं होती. जर्मनीत तर रीतसर आहे, आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम आणि बाकीचे शाळेत, सव्वातीनशेच्या आसपास धंदे असे शिकता येतात, पगार चालू. स्वित्झर्लंडमध्ये तर तीनातली दोन मुलं शाळेनंतर ह्याच वाटेने जातात आणि त्यांना कुणी बिचारी म्हणत नाही. आपण मात्र हात काळे झाले की नाक मुरडतो.

पण खरं सांगायचं तर गुडघे आत्ताच बोलतात. उन्हात गच्चीवर कॉम्प्रेसर बदलायला पन्नाशीत जमेल का माहीत नाही. तेव्हा मित्र खुर्चीत असतील.

हप्तेवाला
खुर्चीत असतील पण हप्ता भरत 😀

रात्रपाळी
तुम्ही सगळे डिग्री डिग्री करताय, कुठली डिग्री ते आधी बोला ना. मी नर्स आहे. परवाना लागतो, परवान्याला शिक्षण लागतं, विषय संपला. तसंच डॉक्टर. यूट्यूब बघून शिकलो म्हणणाऱ्याकडून तुम्ही सलाइन लावून घ्याल का? माझंही कर्ज होतं, फिटलं, कारण दुसऱ्या महिन्यापासून पगार चालू झाला. त्याच वर्षी माझ्या मैत्रिणीने कर्ज घेऊन ज्या विषयात डिग्री केली त्याच्या जागाच वर्षाला हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या निघतात. दोघींचं व्याज सारखंच होतं बरं का, बँकेने आम्हाला वेगळं काही सांगितलं नाही. मामा, विषय कुठला ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

स्वयंभू
फालतू चर्चा. अमेरिकेतला अब्जाधीश गुंतवणूकदार पीटर थील बघा, कॉलेज सोडून काहीतरी उभं करा म्हणून तरुण पोरांना 1 लाख डॉलर देत होता, 2011 पासून. जगातल्या एवढ्या हुशार माणसाला कळतं ते तुम्हाला कळत नाही?

उंटावरचा_शहाणा
स्वयंभू, त्या थीलकडे स्वतःकडे स्टॅनफर्डच्या दोन डिग्र्या आहेत, तत्त्वज्ञान आणि कायदा. आणि तो पैसे *देत* होता, कर्ज नाही. पहिल्या वर्षी वीसेक पोरं निवडली. मामांच्या भाच्याला कुणी 1 लाख डॉलर फुकट देत असेल तर तो सही मागायला आलाच नसता.

सावकाश_बोला
मला वाटतं मुद्दा डिग्रीचा नाहीच, धोका कुणाच्या डोक्यावर ह्याचा आहे. ऑस्ट्रेलियात 1989 पासून पद्धत अशी की कमाई ठराविक रकमेच्या वर गेली तरच वसुली, तीही पगारातून करासारखी, नोकरी नाही तर हप्ता नाही. इंग्लंडमध्येही वसुली कमाई बघूनच होते आणि ठराविक वर्षांनी राहिलेलं माफ, पण तिथे फी बघा, 1998 ला 1,000 पौंड सुरू झाली ती 2012 ला 9,000 वर नेली. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत मधे फी आणली होती, 2014 पर्यंत सगळ्या राज्यांनी काढून टाकली. अशा ठिकाणी "डिग्री परवडते का" ह्या प्रश्नाला वेगळं उत्तर येतं. जिथे पहिल्या तारखेला ठरलेला हप्ता जायलाच हवा आणि मागे मामा जामीन, तिथे पोराचा धोका मामाच्या डोक्यावर.

आता दोन कॉलेजांचं. डेल आणि क्रूगर म्हणून दोघा अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांचा अभ्यास केला. मोठ्या कॉलेजात निवड झालेली पण तिथे न जाता साध्या कॉलेजात गेलेली मुलं घेतली आणि पुढची कमाई ताडून बघितली. फारसा फरक नाही. म्हणजे हुशारी पोराची होती, कॉलेज उगाच भाव खात होतं. मामा, स्वस्तातलं घ्या.

मास्तरीण
सावकाश, अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात अपवाद आहे, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा *होतो*. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी आहेत त्यांना कॉलेजने काय मोठं दिलं? ज्यांच्या घरी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्यांना तिथे भेटणारी माणसं हीच मिळकत. मामा, भाच्याच्या घरी कोण शिकलंय?

जामीनदार_मामा
कुणीच नाही. ताई शाळेतच थांबली, भाऊजींचंही तेच. मीही अर्धवटच सोडलेलं आहे, शेवटच्या वर्षाला, म्हणून तर ती तिसरी शक्यता माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणजे तुमच्या हिशेबाने तो नेमका अपवादात बसतो की काय, हे काल सुचलंच नव्हतं. विषय सिव्हिल इंजिनिअरिंग आहे रात्रपाळी ताई, लिहायचं राहिलं.

रात्रपाळी
मग विषयाला नाव ठेवणार नाही मी. फक्त गेल्या वर्षी पास झालेल्या चार पोरांना फोन करायला लावा. कॉलेजने दिलेल्या यादीतल्या नाही हं, बाहेरून शोधलेल्या.

हप्तेवाला
आणि व्याज शिकत असतानाच भरत जा थोडं थोडं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

जामीनदार_मामा
भाच्याला संध्याकाळी बोलावलं होतं. सहीबद्दल काही बोललो नाही, वही पुढे केली आणि म्हटलं हे 100 चं काय होतं ते तू काढ, मोबाइल बाजूला ठेव, साधा कॅल्क्युलेटर घे. तास झाला. दुसऱ्या वर्षाचं व्याज चढवायला विसरला, मग परत पहिल्यापासून. शेवटी त्याचं 198 आलं, माझं 202. "मामा, तुमचंच चुकलं असेल," म्हणाला. म्हटलं शोध. वही घरी घेऊन गेलाय, आत्ता साडेअकराला मेसेज आलाय, "तिसऱ्या वर्षाचे 25 मी चुकून वर्षाच्या शेवटी धरले होते. 202 बरोबर आहे. ते दुसरं कॉलेज, त्याची फी नक्की किती आहे?"

फॉर्म अजून टेबलावरच आहे.