गावच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा, मदत हवी

शनिवार, ग्लासगोहून

नमस्कार मंडळी,

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी दादा-वहिनी असतात. वहिनी गावातल्या महिला बचत गटाचं काम बघतात. कोणी किती कर्ज घेतलं, किती हप्ते फेडले, सगळा हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये आहे. काल रात्री विजा कडाडल्या, लाइन गेली. आज लाइन आल्यावर बटण दाबलं तर पडदा काळा. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, पंखा तं फिरून रायला, पन काईच दिसत नाई."

तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं की विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल, डबा आणून द्या. गुरुवारी गटाला बँकेत कागद दाखवायचे आहेत, म्हणून दादा सोमवारी नेऊन देणार आहेत. देऊ द्यावा का? मला यातलं काही कळत नाही. जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

शनिवार, टोरांटोहून (मूळ अकोला)

भाऊ, आधी घरी फोन करा आणि सांगा, डबा कोणाला देऊ नका. पुढचं नंतर वाचा.

या दुखण्यावर फॉरमॅट हा इलाजच नाही. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, रॅम (काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी पट्टी), पडद्यावर चित्र पाठवणारी चिप, हे सगळं ठीक असलं की कंपनीचं चिन्ह दिसतं. हार्ड डिस्कवरच्या विंडोजची पाळी त्याच्या नंतर येते. वहिनींना ते चिन्हसुद्धा दिसत नसेल, तर गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही. मग विंडोज पुसून काय साधणार? हिशोब तेवढा जाईल. पडदा काळा झाला म्हणून डिस्कवरचं काही गेलेलं नसतं. अगदी मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, जळाला तरी डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फाइली सहसा जशाच्या तशा मिळतात.

(काळ्या पडद्यावर माउसचा बाण दिसत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा विंडोज सुरू झालेलं असतं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की चित्राचा ड्रायव्हर (चित्राचा भाग चालवणारा प्रोग्राम) नव्याने चालू होतो. कधी कधी तेवढ्यानेच भागतं.)

आता वहिनींना एवढं करायला सांगा. मॉनिटरची केबल कॅबिनेटच्या बाजूने काढायची, मॉनिटर चालूच ठेवायचा. पडद्यावर "नो सिग्नल" आलं तर मॉनिटर धडका आहे. केबल परत लावून कॉम्प्युटर सुरू करायचा आणि मिनिटभराने की-बोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायचं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतलं यंत्र चालू आहे, दोष केबलचा किंवा चित्राच्या भागाचा. दिवा हललाच नाही तर तपासणीच अडकली आहे.

विजेवर माझा फारसा संशय नाही. झटका आत शिरला तर बहुतेक वेळा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) आधी जातो, मग पंखाही फिरत नाही. मला रॅम वाटते. जुलैची सर्द हवा लागली की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो, आणि आपल्याकडे त्यात कापसाची भर. भाव येईपर्यंत कापूस माजघरात भरून ठेवायचा, तंतू घरभर उडतात आणि पंखा ते आत ओढतो. बाळापूरकडे काकांचं कॅबिनेट उघडलं तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाची गादी झाली होती. वहिनींच्या घरीही कापूस असतो का?

रविवार, ग्लासगोहून

असतो हो. मेमध्ये विकला, तोवर त्याच खोलीत होता.

मॉनिटरवर "नो सिग्नल" आलं. कॅप्स लॉकचा दिवा मात्र लागत नाही. चिन्हही दिसत नाही. दादांनी सोमवारचं जाणं थांबवलं आहे. आणखी एक, वहिनी म्हणतात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, "पन ते तं पहिल्यापासूनच हाये". याचा काही संबंध आहे का?

रविवार, टोरांटोहून

मग रॅमच बघू. प्लग भिंतीतून उपटा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. नंतर कॅबिनेटचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. बाजूचा पत्रा काढा. धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा, फुंकर नको, तोंडातली वाफ आत जाते. एसएमपीएसचा डबा मात्र काही झालं तरी उघडायचा नाही, त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहते.

रॅमच्या दोन्ही टोकांच्या कड्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. शाळेच्या पोरांचं पांढरं खोडरबर घेऊन सोनेरी भाग हलक्या हाताने पुसा, बोर्डापासून लांब, म्हणजे चुरा खाचेत पडणार नाही. बसवताना पट्टीची चीर खाचेतल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकावेळी एकच लावून बघा, दोन्ही खाचांत. कंटाळवाणं काम आहे, पण दोष कुठे आहे ते यातूनच कळतं.

रविवार, डब्लिनहून (मूळ अमरावती)

मी वायरिंगच्या क्षेत्रातली, म्हणून झिणझिण्यांबद्दल लिहिते. काळ्या पडद्याशी त्यांचा संबंध असेलच असं नाही, पण ते "पहिल्यापासूनच" आहे म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब पत्र्यावर येऊन बसतो. करंट अगदी कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्याचा अर्थ घराला अर्थिंगच नाही, किंवा तार तुटली आहे. उद्या मिक्सरमध्ये किंवा कूलरमध्ये फेज पत्र्याला लागली तर वाचवणारं काही नाही. विदर्भात उन्हाळ्यात पाण्याचा कूलर घरोघरी, त्यात हे फार धोक्याचं आहे.

आपल्या काळ्या मातीत आणखी एक अडचण. ती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडते. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरून त्यावर अधूनमधून पाणी टाकायचं असतं. वहिनींना सांगा, मिस्त्रीला बोलवाच. आणि लख्ख विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवायचा.

सोमवार, ग्लासगोहून

मंडळी, झालं!

इथे दुपारचे साडेतीन, तिथे रात्रीचे आठ. दादांनी टॉर्च धरला, वहिनींनी पट्ट्या पुसल्या, मी व्हिडिओ कॉलवर. दोन्ही पट्ट्या लावल्या तर काळंच. मग एकच पट्टी दुसऱ्या खाचेत घातली आणि कंपनीचं चिन्ह आलं. वहिनी ओरडल्या, "भाऊजी, दिसलं!" मला इथे खुर्चीत बसवेना. दुसरी पट्टी कुठल्याही खाचेत घातली की पुन्हा काळं, म्हणजे ती गेलेली आहे. सध्या 4 जीबीवर चालेल.

तारीख-वेळ चुकल्याचा निरोप येऊन गाडी थांबली होती, एफ1 दाबल्यावर पुढे गेली. विंडोजमध्ये तारीख कितीतरी वर्षं मागची, म्हणून बँकेची वेबसाइटही उघडत नव्हती. तारीख हाताने भरल्यावर उघडली. तारीख-वेळ जपणारा मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदलायचा म्हणून यवतमाळहून मागवला आहे.

बाकी काही करायच्या आधी हिशोबाच्या सगळ्या फाइली दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या. एक गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरी राहील. एक प्रत वहिनींनी मलाही पाठवली. एक ओळदेखील गेलेली नाही.

टोरांटोच्या दादांनी पहिल्याच ओळीत "डबा देऊ नका" म्हटलं नसतं तर आज तो फॉरमॅट होऊन आला असता. ताई, टेस्टर लावला तेव्हा पत्र्यावर दिवा लागला. मिस्त्री बुधवारी येतोय. कोळसा वहिनींनी चुलीतला काढून ठेवला आहे, खड्डा दादा उद्याच खणून ठेवणार आहेत.